एक बक्षीस शिल्लक आहे
(गांवच्या शाळेच्या बक्षीस-समारंभांत मास्तरांनीं केलेलें भाषण)



सुताराच्या पोरानें बाकांचे मोडके पाय बसविले, त्याला बक्षीस मिळालें. कवाईत झाली, टाळ्याहि झाल्या. पण चौथींतल्या एका मुलीची पाटी मेजावर तशीच पडून आहे. आव्याच्या कामाला हात हवा, म्हणून ती पंधरा दिवस घरीं आहे.

मागल्या बाजारीं बापाच्या रांजणांचा हिशोब व्यापाऱ्यानें मांडला, तेव्हां बेरजेंतली चूक याच पोरीनें काढली. पैसे घरांत आले. पोर मात्र शाळेंतून गेली!

पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजाच्या मुलीनें चौदाव्या वर्षीं मांग-महारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला. तो १८५५ सालीं 'ज्ञानोदया'त छापला गेला. तिला घरीं ठेवून घेतलें असतें, तर तें दुःख तिच्या शब्दांत कोणी मांडलें असतें?

कुंभारदादा मागें बसले आहेत. दादा, चारचौघांत बोलतों, राग मानूं नका. पुढें या, ही पाटी न्या. आवा रविवारीं लावा. मी स्वतः हात लावायला येतों. सोमवारीं पोरीला पाठवा.