परिषद कोणासाठी, कोणासमवेत?

(बौद्धिक अक्षमता या विषयावरील नियोजित आंतरराष्ट्रीय संशोधन परिषदेच्या पूर्वतयारीसाठी पुण्यात कार्यकर्ते व पालक यांची बैठक झाली. त्या बैठकीतील भाषणाचा हा संपादित भाग.)



निवास, भोजन, वाहतूक आणि मंडप यांविषयी आपल्यासमोर मी बोलावे, हे सूर्यापुढे काजव्याने मिरवण्यासारखे होईल. हजारोंची शिबिरे आपल्यापैकी अनेकांनी उभी केली आहेत. तथापि संशोधन परिषदेची जात निराळी असते. शिबिरात कोणी काय मांडायचे हे आपण ठरवतो. परिषदेत ते परीक्षण समिती ठरवते, आणि तेही निबंधकर्त्याचे नाव झाकून. मोठ्या माणसाचा निबंध सुमार असेल तर तो नाकारण्याचे धैर्य आपल्याकडे हवे. ते नसेल तर सरळ मेळावा भरवावा. मेळावा भरवण्यात कमीपणा काहीच नाही.

या विषयाची परंपरा आपण जाणून घेतली पाहिजे. या क्षेत्रातील संशोधकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९६४ साली स्थापन झाली आणि तिची पहिली परिषद १९६७ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे भरली. १९८५ साली तिची सातवी परिषद आपल्या राजधानीत, नवी दिल्लीत झाली. त्यालाही आता चाळीस वर्षे उलटली. आशिया-प्रशांत विभागाच्या परिषदा मधल्या काळात सिंगापूर, टोकियो आणि बँकॉक येथे झाल्या. महाराष्ट्रात या कामाची मुळे खोल आहेत. मुंबईत १९४४ साली एका माता-पित्यांनी आपल्या मुलीच्या निमित्ताने जय वकील शाळा उभी केली, पुण्यात १९६४ साली 'कामायनी' सुरू झाली. सेवेची परंपरा आपल्याकडे भक्कम आहे, संशोधनाची मात्र विरळ आहे. शाळांच्या कपाटांत तीस-तीस वर्षांच्या नोंदी धूळ खात पडल्या आहेत आणि त्यांतून एकही निबंध निघालेला नाही, हे माझे स्वतःचे निरीक्षण आहे. त्यात माझाही दोष आहे. मीही तेवीस वर्षे शिक्षिका होते.

संशोधनाने काय साधते, असा प्रश्न मघाशी एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी विचारला. त्याचे उत्तर आपल्याच देशात आहे. १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात एक प्रयोग आरंभला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीनयुक्त मीठ दिले, तिसऱ्यात साधे. काही वर्षांत पहिल्या दोन भागांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे उतरले. पुढे तिसऱ्या भागालाही ते मीठ मिळाले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गर्भवती मातेच्या आहारात आयोडीन अपुरे पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. आपल्या स्वयंपाकघरातील मिठाच्या पुडीवर जो 'आयोडीनयुक्त' हा शब्द असतो, त्यामागे ते खोरे आहे. किती घरांतील किती मुले त्यामुळे वाचली, याची गणती कोण करणार?

आता थोडे घरचे बोलते. माझा धाकटा भाऊ चौपन्न वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. तो जन्मला तेव्हा डॉक्टरांनी आईला सांगितले होते की हा फार जगणार नाही. आई गेली, वडील गेले, भाऊ आहे. बावीस वर्षे तो कार्यशाळेत कागदी पाकिटे करीत होता. गेल्या वर्षी एके दिवशी नेहमीच्या रस्त्यावर तो वाट चुकला. डाउन सिंड्रोम ज्या एकविसाव्या गुणसूत्राच्या अधिकच्या प्रतीमुळे होतो, त्याच गुणसूत्रावर अल्झायमरशी निगडित एक जनुक आहे. म्हणून या व्यक्तींपैकी बहुतेकांच्या मेंदूत चाळिशीपर्यंतच त्या आजाराच्या खुणा उमटू लागतात. मात्र प्रत्येक विसराळूपणा त्यातलाच नसतो. थायरॉइडची कमतरता, नैराश्य, ऐकू कमी येणे यांनीही माणूस असाच हरवल्यासारखा होतो, आणि त्यांवर उपचार आहेत. माझ्या भावाची ही तपासणी होण्यास पाच महिने लागले, कारण आम्ही गेलो तेथे "हे असेच असते" एवढेच सांगण्यात आले. त्याचा थायरॉइड खरोखरच कमी निघाला. गोळी सुरू झाल्यावर तो बराच सावरला, पूर्ण नाही.

पूर्वी पालक विचारीत, "आमच्या पश्चात कोण?" आता मुले साठीकडे चालली आहेत आणि पालक ऐंशीचे झाले आहेत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीमार्फत पालकत्वाची सोय केली, २०१६ च्या कायद्याने हक्कांची यादी विस्तारली. पण घरी म्हातारी होणारी ही माणसे कशी जगतात, यावर मराठी मुलखातील अभ्यास हवा. आपल्या परिषदेचे एक पूर्ण सत्र वार्धक्यासाठी राखून ठेवावे, असा माझा आग्रह आहे.

दुसरा आग्रह कदाचित अप्रिय वाटेल. बऱ्याच वर्षांपूर्वी एका परिषदेला मी भावाला घेऊन गेले होते. शहराचे वा संस्थेचे नाव सांगत नाही. व्यासपीठावरील पडद्यावर एका मुलाची चित्रफीत दाखवली गेली. तो मुलगा चिडून स्वतःच्या कानांवर हात मारून घेत होता. सभागृहात कुठेतरी हसू फुटले. भावाने माझा पदर ओढला आणि विचारले, "ताई, त्याला का हसतात?" आजतागायत मला उत्तर देता आलेले नाही. त्या मुलाच्या आईची संमती घेतली होती की नाही, हे कोणी विचारले नव्हते. त्या मुलाची तर नाहीच.

म्हणून निबंध स्वीकारतानाच नैतिक मान्यतेचे पत्र मागावे. चित्रफितीसाठी पालकांची लेखी संमती हवी आणि त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत तिलाही विचारलेले असावे. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती स्वतः संशोधनात सहभागी होतात, सहलेखक म्हणून बोलतात, हे जगात आता नवे राहिलेले नाही. त्यांच्यासाठी निबंधांचे सारांश सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरांत, चित्रांसह छापावेत. सभागृहाशेजारी एक शांत खोली असावी. गोंगाट असह्य झाला की तेथे कोणालाही जाऊन बसता येईल. मला तर वाटते, तिचा उपयोग प्राध्यापकही करतील.

बाकीचे थोडक्यात. दोन वर्षांचा अवधी हवाच. परदेशी प्रतिनिधींना परिषदेचा व्हिसा लागतो आणि त्याआधी केंद्र सरकारच्या परवानग्या. हे काम शेवटच्या महिन्यावर टाकू नये. गणेशोत्सव आणि दहावी-बारावीच्या परीक्षा टाळाव्यात. शुल्क सर्वांना सारखे नसावे. आपल्या तालुक्याच्या गावातील विशेष शिक्षिकेला जे परवडेल तेच खरे शुल्क. आणि भाषांतर दोन्ही दिशांनी व्हावे, म्हणजे तिला प्रश्न मराठीत विचारता येईल.

पुढील बैठक रविवारी आहे. ती सायंकाळऐवजी सकाळी दहाला घ्यावी, अशी विनंती आहे. दुपारनंतर भाऊ थकतो आणि मी त्याला आणणार आहे. कार्यशाळेतील आणखी दोघे येतील. कार्यक्रमपत्रिका एका पानाची, सोप्या शब्दांत हवी. ती मी लिहून आणते. भावाला वाचून दाखवीन आणि त्याला जे कळणार नाही ते बदलीन.