क्लोरीनचा डबा, अ‍ॅसिडचा कॅन

वसई तालुक्यातल्या अर्नाळा, राजोडी, कळंबच्या रिसॉर्टमधले तरणतलाव रविवारी पोराटोरांनी फुलून जातात. पाणी निळंशार दिसतं; पण खरी काळजी घ्यायची असते ती पंपाशेजारच्या कोंदट खोलीत.

तिथे क्लोरीनची पावडर आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड एकत्र सांडलं, की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड, त्यामुळे जमिनीलगत साचतो. डोळे झोंबतात, श्वास कोंडतो. जुलै 2010 मध्ये मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरावर पडून राहिलेल्या जुन्या सिलिंडरमधून हाच वायू गळला आणि शंभरावर लोकांना बाधा झाली.

वसईचा पावसाळा तर या पावडरीचा वैरीच. ओल लागली की ती तापते, वायू सोडते. म्हणून डबा घट्ट बंद करून, जमिनीवर न ठेवता हवेशीर, कोरड्या जागी फळीवर ठेवावा. अ‍ॅसिड दुसऱ्या खोलीत. दोन वेगळ्या प्रकारच्या क्लोरीन पावडरीही एकमेकींत मिसळू नयेत, त्या पेट घेऊ शकतात. पावडर काढायचा चमचा कोरडाच हवा.

बादलीत आधी पाणी, मग पावडर. उलटं कधीच नाही.

उग्र वास आला तर आत डोकावू नका. वारा ज्या बाजूने येतो तिकडे निघा, इतरांनाही हलवा आणि 112 वर फोन करा.