वल्हे आपल्याच हाती

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणगौरवाच्या कार्यक्रमात टक्के किती मिळाले आणि पुढे कोणती शाखा घ्यावी यावर बोलण्याची पद्धत आहे. त्या विषयातील जाणकार आज येथे आहेत व ते बोलतीलच. आम्ही मात्र आज एका होडीविषयी बोलणार आहोत. विषय ऐकून काहींना नवल वाटेल, पण शेवटपर्यंत ऐकून घ्यावे ही विनंती.

मंडळातर्फे आपण मुलांना घेऊन २० मार्चला महाडला चवदार तळ्यावर अभिवादनासाठी गेलो होतो. वाटेत कोलाडला चहासाठी गाडी थांबली. तेथे कुंडलिका नदी आहे. मुळशी धरणाचे पाणी भिरा येथील वीजगृहातून वीज तयार करून खाली येते आणि कुंडलिकेत सोडले जाते. भिऱ्याचे वीजगृह १९२७ सालचे. म्हणजे महाडचा सत्याग्रह आणि हे वीजगृह एकाच वर्षाचे आणि तेव्हाच्या एकाच कुलाबा जिल्ह्यातले. सकाळी पाणी सोडले की नदी खळाळत धावते आणि रबरी तराफ्यांतून लोक तिच्यावरून उतरतात. आपली मुले काठावर उभी राहून पाहत होती.

त्या तराफ्यांच्या बरोबर एक माणूस एकटाच एका अरुंद, बंदिस्त होडीत बसला होता. कमरेपर्यंतचे शरीर होडीच्या आत आणि हातात दोन्ही टोकांना पाती असलेले एकच वल्हे. या होडीला कयाक म्हणतात. तराफ्यातून कोणी पाण्यात पडले तर त्याला आधार द्यायला हा माणूस सोबत असतो. आमच्या देखत त्याची होडी उलटली. माणूस पाण्याखाली आणि होडीचा तळ वर! आपली एक मुलगी ओरडली, "काका, तो बुडाला!" आम्ही काही बोलणार तोच तो वल्ह्याचा एक फटका मारून पुन्हा सरळ झाला आणि हसत पुढे निघून गेला. तो मुद्दामच उलटला होता.

नंतर गाडीत आम्ही मुलांना विचारले, पोहता कोणाकोणाला येते? बावीस मुलांपैकी दोन हात वर झाले. मग त्याच मुलीने आम्हाला विचारले, "काका, तुम्हाला येते का?" आम्हाला येत नव्हते. आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो.

मित्रहो, हा प्रश्न आम्हाला सोडेना. आम्हाला पोहता का येत नाही? कारण आमच्या वडिलांना येत नव्हते. आणि त्यांना का येत नव्हते? गावातील इतर मुले पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत पोहायला शिकत. आमच्या वडिलांना त्या विहिरीच्या पायरीवर पाय ठेवता येत नव्हता. नदीवर आपली जागा खालच्या अंगाला, तीही पाणी भरण्यापुरती. ज्याला पाण्याला शिवायचीच बंदी, तो पोहणार कोठे? पुढे वडील नोकरीनिमित्त शहरात आले, बंदी मागे राहिली, पण भीती बरोबर आली. "पाण्याच्या जवळ जायचे नाही" हे वाक्य आमच्या घरी रोज ऐकू येई. बंदीचे रूपांतर भीतीत झाले आणि भीतीचे रूपांतर घरच्या शिकवणुकीत झाले. बाबासाहेबांनी १९२७ साली आपल्याला पाणी पिण्याचा हक्क मिळवून दिला, १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. पण पाण्यात उतरण्याचे शिक्षण मात्र आपले आपणच घ्यायचे राहून गेले.

परत आल्यावर आम्ही त्या होडीविषयी मिळेल ते वाचले. त्यातील तीन गोष्टी आज तुमच्यासमोर ठेवतो.

पहिली गोष्ट उलटण्याची. ही होडी मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची. ग्रीनलंडसारख्या प्रदेशात ते सीलच्या कातड्याच्या होडीतून शिकारीला जात. तेथील पाणी बर्फासारखे. होडी उलटली आणि माणूस बाहेर पडला तर पोहून जीव वाचण्याची आशा थोडीच. म्हणून त्यांनी होडीतून बाहेर न पडता, होडीसकट पुन्हा सरळ होण्याची युक्ती शोधून काढली. आज खळाळत्या नदीत उतरणारा प्रत्येक जण ती शिकतो. या युक्तीत एक मर्म आहे. माणूस पाण्याखाली उलटा झाला की त्याची पहिली धडपड डोके वर काढण्याची असते, कारण त्याला श्वास हवा असतो. पण डोके आधी उचलले की होडी सरळ होतच नाही, आणि माणूस पुन्हा खाली जातो. आधी वल्हे पाण्याच्या पृष्ठभागावर आणायचे, मग कमरेच्या झटक्याने होडी फिरवायची आणि डोके सर्वांत शेवटी वर आणायचे. म्हणजे जीव घाबरा होतो तेव्हा मन जे सांगते त्याच्या नेमके उलट करावे लागते. विपश्यनेला बसणाऱ्या उपासकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट स्पर्धेची. खळाळत्या पाण्यातील या होड्यांच्या शर्यतीला स्लॅलम म्हणतात. ऑलिंपिकमध्ये ती प्रथम १९७२ साली झाली आणि १९९२ पासून पुन्हा सुरू झाली. पाण्यावर काठ्यांच्या जोड्या टांगलेल्या असतात. हिरव्या काठ्यांमधून प्रवाहाबरोबर जायचे, लाल काठ्यांमधून प्रवाहाच्या विरुद्ध वर यायचे. काठीला नुसता स्पर्श झाला तर दोन सेकंद दंड, एखादे दार चुकले तर पन्नास सेकंद. ऑस्ट्रेलियाची जेसिका फॉक्स ही या खेळातील फार मोठी खेळाडू. तिचे आई-वडील दोघेही याच खेळातले. २०१२ साली लंडनला कयाकमध्ये तिला रौप्यपदक मिळाले, २०१६ साली रिओला कांस्य. २०२१ साली टोकियोला सुवर्ण तिचेच असे सर्वांना वाटत होते. अंतिम फेरीत ती सुसाट आली, पण दोन काठ्यांना स्पर्श झाला. चार सेकंद दंड झाला आणि पुन्हा कांस्यच हाती आले. ते चार सेकंद नसते तर सुवर्ण तिचे होते. तिच्या जागी आपण असतो तर काय केले असते? तिने दोनच दिवसांनी, एका पात्याच्या वल्ह्याने चालवायच्या कनू या प्रकारात सुवर्ण मिळवले. आणि ज्या कयाकने तिला तीन वेळा हुलकावणी दिली, त्यातले सुवर्ण तिने २०२४ साली पॅरिसला घेतले. तेथे तिला एकूण दोन सुवर्णपदके मिळाली. विद्यार्थी मित्रहो, ज्यांचे दोन-चार गुण कमी पडले म्हणून आज तोंड उतरले आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावे. काठीला लागलेला स्पर्श पुसता येत नाही, पण पुढचे दार अजून समोर असते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अमेरिकेत कोलोरॅडो नदी ग्रँड कॅन्यन नावाच्या प्रचंड दरीतून वाहते. दोन्ही बाजूंना उंच कडे आणि मध्ये एकामागून एक प्रपात. या दरीतून २०१३ साली लॉनी बेडवेल नावाचा एक माणूस २२६ मैल, म्हणजे सुमारे ३६४ किलोमीटर, कयाकमधून गेला. आणि हा माणूस दोन्ही डोळ्यांनी आंधळा आहे! पूर्वी तो अमेरिकेच्या नौदलात होता. १९९७ साली शिकारीच्या वेळी झालेल्या अपघातात त्याची दृष्टी गेली. कयाक शिकताना त्याला सांगण्यात आले, आधी एक हजार वेळा उलटून सरळ हो, मग मोठ्या नदीचे बोल. त्याने घराजवळच्या तळ्यात दीड हजार वेळा ते केले. एवढे झाल्यावर तो नदीवर गेला.

पुढच्याच वर्षी, २०१४ साली, एरिक वाइनमायर हा दुसरा अंध गृहस्थ त्याच नदीत उतरला. बेडवेलही त्याच्या सोबत होता. वाइनमायर हा २००१ साली एव्हरेस्टवर पोहोचलेला पहिला अंध माणूस. किशोरवयातच त्याची दृष्टी गेली. कयाक मात्र तो वयाच्या चाळिशीच्या सुमारास शिकू लागला आणि काही वर्षांच्या सरावानंतर एकवीस दिवसांत २७७ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर पार करून गेला. डोंगरावर माणसाला थांबता येते, पुढची पायरी चाचपता येते. नदीत थांबता येत नाही. पाणी तुम्हाला नेतच असते आणि खडक कोठे आहे हे दिसत नसते.

मग तो गेला कसा? त्याच्या मागे दुसऱ्या कयाकमध्ये एक मार्गदर्शक असे. शिरस्त्राणात बसवलेल्या यंत्रातून त्याचा आवाज वाइनमायरच्या कानात येई: थोडे डावीकडे, जोरात उजवीकडे, आता सगळा जोर लाव! बस, एवढेच. मार्गदर्शक त्याचे वल्हे मारू शकत नव्हता की त्याची होडी ओढून नेऊ शकत नव्हता. तो सांगणार आणि हा करणार. सांगणे आणि करणे यांत क्षणाचाही विलंब चालत नसे. या वाटेवर लाव्हा फॉल्स नावाचा भयंकर प्रपात आहे. तेथे पहिल्या खेपेला वाइनमायरला होडी सोडून पोहावे लागले. तो जीवानिशी वाचला होता, पुढे निघून गेला असता तर कोणी नाव ठेवले नसते. पण तो परत वर गेला आणि तोच प्रपात पुन्हा उतरला.

हे वाचताना आम्हाला बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची आठवण झाली. तथागत हे मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत, हे बाबासाहेबांनी आपल्याला तेथे समजावून दिले. आपण हे पुष्कळदा म्हणतो, पण त्याचा अर्थ आम्हाला त्या अंध माणसाच्या होडीत खरा कळला. मार्ग दाखवणाऱ्यावर विश्वास हवा, पूर्ण हवा. पण त्या विश्वासाचा पुरावा म्हणजे आपल्या हातातील वल्हे हलले पाहिजे. आपण तसबिरीला हार घालतो, वंदना घेतो, जयघोष करतो. हे सर्व योग्यच आहे. पण कानात आवाज आला 'उजवीकडे', आणि आपण त्या आवाजाचा नुसता जयघोष करीत बसलो, तर होडी खडकावर जायची ती जाणारच.

आता आमच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाही तर हे सर्व दुसऱ्यांना सांगण्यापुरते होईल. त्या सहलीनंतर आम्ही नगरपालिकेच्या तलावावर नाव घातले. वय पंचेचाळीस. आमच्या तुकडीत बाकी सगळी आठ-दहा वर्षांची मुले. पहिले चार दिवस आम्ही कठड्याचा गज सोडला नाही. शिक्षक म्हणाले, "काका, डोके पाण्यात घाला, ते वर ठेवता म्हणून पाय बुडतात." ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांचे मर्म आमच्या तलावावरही तेच निघाले! पाचव्या दिवशी गज सुटला. आज आम्ही तलावाची रुंदी पार करतो, लांबी अजून होत नाही. घरी आईला सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या बापाने बघायला पाहिजे होते."

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीला आमची एक नम्र सूचना आहे. शिष्यवृत्ती, वह्या-पुस्तके, अभ्यासिका हे आपले काम चालू राहावे. त्याच्या जोडीला दर उन्हाळी सुट्टीत मुला-मुलींसाठी पोहण्याचा वर्ग सुरू करावा. तलावाची फी ज्यांना परवडत नाही त्यांची मंडळाने भरावी, पहिल्या वर्षी पाच मुलांची फी आम्ही देऊ. मुलींची तुकडी वेगळी हवी असेल तर तशी व्यवस्था व्हावी. पालकांना विनंती की "पाण्याजवळ जायचे नाही" याऐवजी "शिकूनच पाण्यात जायचे" असे म्हणावे. आणि विद्यार्थ्यांना बजावून सांगतो, धाडस म्हणजे सहलीला जाऊन अनोळखी धरणात उडी टाकणे नव्हे. ज्या माणसाने ग्रँड कॅन्यन पार केले, त्याने आधी घराजवळच्या तळ्यात दीड हजार वेळा सराव केला होता. अंगात तरंगणारे जाकीट, डोक्यावर शिरस्त्राण आणि सोबत जाणकार माणसे असल्याशिवाय तो नदीत उतरला नाही.

पुढच्या २० मार्चला आपण पुन्हा महाडला जाऊ. वाटेत कोलाडला गाडी पुन्हा थांबेल. कोणी तरी पुन्हा विचारील, पोहता कोणाकोणाला येते? त्या वेळी बावीस हात वर व्हावेत आणि तेविसावा आमचा असावा, एवढीच इच्छा व्यक्त करतो. 

नमो बुद्धाय! जय भीम!