तळाचा नकाशा : काशीची गंगा, मालवणचा समुद्र आणि अधिवासांची पुनर्स्थापना



काशीत केदारघाट आणि दशाश्वमेध घाट यांच्या दरम्यान एक जुना दगडी घाट आहे. आज तो राजाघाट या नावाने ओळखला जातो. त्याचे पूर्वीचे नाव अमृतराव घाट. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे हे १८०२ च्या वसईच्या तहानंतरच्या घडामोडींत पुण्याच्या गादीपासून दूर झाले, कंपनी सरकारचा सालिना तनखा स्वीकारून काशीस राहिले आणि १८२४ साली निधन पावले. त्यांच्या हयातीतच, १८२२ मध्ये, तेथील टांकसाळीत नेमणुकीवर आलेल्या जेम्स प्रिन्सेप यांनी मोजणी करून काशी शहराचा नकाशा तयार केला. त्या नकाशातील घाटांची रेषा आणि आजची रेषा ताडून पाहता येते, कारण दगडी बांधकाम जागचे हलत नाही. शेवटच्या पायरीखाली जो नदीचा तळ सुरू होतो, तो मात्र दर पावसाळ्यात नव्याने घडतो. त्याचा नकाशा एकदा काढून भागत नाही.

जलाशयांच्या, नद्यांच्या आणि समुद्रांच्या तळाशी असलेले अधिवास जगभर संकटात आहेत. प्रवाळांचे खडक, समुद्रगवताची कुरणे, कालवांचे थर, नदीतील डोह आणि वाळूची बेटे हे सारे या वर्गात मोडतात. डिसेंबर २०२२ मध्ये कुनमिंग-मॉन्ट्रियल जैवविविधता आराखडा मान्य झाला. अवनत झालेल्या भूमीवरील, गोड्या पाण्यातील आणि सागरी परिसंस्थांपैकी किमान ३० टक्के क्षेत्रावर २०३० पर्यंत परिणामकारक पुनर्स्थापना सुरू व्हावी, असे त्याचे दुसरे उद्दिष्ट सांगते. भारताने या आराखड्यास अनुसरून आपली सुधारित राष्ट्रीय जैवविविधता कृतियोजना ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. परीक्षेच्या दृष्टीने हे तपशील उपयुक्त आहेतच. परंतु खरा प्रश्न त्यापुढचा आहे. ३० टक्के म्हणजे नेमके कोणते क्षेत्र? या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या दस्तऐवजास पुनर्स्थापना-योग्यतेचा नकाशा म्हणतात.

असा नकाशा थरांचा बनलेला असतो. पाण्यात सोडलेला ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो आणि तळावर आपटून परततो. परतण्यास लागलेल्या वेळेवरून खोली कळते. परत आलेल्या ध्वनीच्या तीव्रतेवरून तळ खडकाचा, वाळूचा की चिखलाचा, याचा अंदाज येतो. त्यावर प्रवाहाचा वेग, गाळाचे प्रमाण, तापमान, क्षारता आणि प्राणवायू यांचे थर चढविले जातात. जेथे सर्व थर अनुकूल असतील, ती जागा योग्य ठरते. येथवरचे काम तंत्रज्ञांचे आहे आणि ते आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. अवघड भाग यानंतर सुरू होतो, आणि काशीचे उदाहरण त्यासाठी फार बोलके आहे.

गंगा कृती योजनेस १९८६ साली काशीतच प्रारंभ झाला. या योजनेचा भाग म्हणून १९८९ मध्ये रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा गंगेचा सात किलोमीटरचा पट्टा कासव अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आला. अमृतराव घाट या पट्ट्यातच येतो; मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र हे दोन्ही स्मशानघाटही त्यातच येतात. हा योगायोग नव्हता. अर्धवट जळालेले देह नदीत सोडले जात. मांसाहारी कासवांनी ते खाऊन पाणी स्वच्छ राखावे, ही मूळ कल्पना होती. चंबळच्या काठावरून अंडी आणावयाची, सारनाथच्या केंद्रात ती उबवावयाची, पिल्ले वाढवून गंगेत सोडावयाची, असा क्रम होता.

कल्पना कल्पक होती, यात शंका नाही. परंतु अभयारण्याची जागा कशी निवडली गेली, हे पाहणे अगत्याचे आहे. कासवांना कोठे राहता येईल, या प्रश्नावरून ती ठरली नाही. कासवांची गरज माणसाला कोठे आहे, यावरून ठरली. देशातील सर्वांत गजबजलेल्या नदीकाठांपैकी हा एक. नावांची अखंड वर्दळ, लाखोंचे स्नान, शहराचे सांडपाणी आणि जाळी टाकणारे मच्छीमार या सर्वांच्या मध्ये ते अभयारण्य होते. अंडी चंबळहून आणावी लागत होती, यातच पुष्कळसे उत्तर होते. ज्या जागेत प्रजनन आपोआप होऊन संख्या टिकते, तिला अधिवास म्हणावे. जेथे दरवर्षी बाहेरून भर घालावी लागते, तेथे अधिवासाची पुनर्स्थापना झाली असे म्हणता येत नाही.

तरीही अभयारण्याचा एक परिणाम ठोस होता. त्या पट्ट्यात वाळू उपसण्यास बंदी आली. यातूनच पुढचा वाद उद्भवला. काशीपाशी गंगा उत्तरेकडे वळते. वळणाच्या बाहेरच्या बाजूस, म्हणजे पश्चिमेस, प्रवाह काठाला भिडतो आणि तेथेच घाट आहेत. आतल्या बाजूस, पूर्वेस, वेग मंदावतो आणि वाळू बसते. घाटांसमोर हिवाळ्यात व उन्हाळ्यात दिसणारे वाळूचे विस्तीर्ण मैदान असे तयार होते. उपसाबंदीमुळे ही वाळू साचून प्रवाहाचा दाब घाटांच्या पायावर येत आहे, असा युक्तिवाद मांडला गेला. हा युक्तिवाद फार तर अर्धा खरा मानता येईल, कारण वळणाच्या आतील वाळू ही अभयारण्याची निर्मिती नव्हे. अमृतरावांच्या काळीही नदीचे वळण हेच होते. दरम्यान हा मार्ग १९८६ मध्ये घोषित झालेल्या राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ चा भाग असल्याने आणि २०१८ मध्ये रामनगर येथे मालवाहू जहाजांचे टर्मिनल सुरू झाल्याने तळाला आणखी एक दावेदार मिळाला होता. अखेरीस २०२० साली काशीच्या अभयारण्याची अधिसूचना मागे घेण्यात आली आणि प्रवाहाच्या वरच्या अंगास, प्रयागराज, मिर्झापूर व भदोही जिल्ह्यांतील सुमारे ३० किलोमीटरचा पट्टा कासवांसाठी निश्चित झाला. २०२१ च्या उन्हाळ्यात काशीत घाटांसमोरील वाळूतून सुमारे पाच किलोमीटरचा कालवा खोदण्यात आला. त्याच वर्षीच्या पुराने तो बुजविला.

या घटनाक्रमाकडे केवळ विकास विरुद्ध पर्यावरण या नेहमीच्या चौकटीतून पाहिल्यास त्यातील आर्थिक धडा निसटतो. नदीचा तळ ही सामाईक मालमत्ता आहे. त्यातील वाळूला बाजारात ब्रासमागे भाव मिळतो. जलमार्गाच्या खोलीला मालवाहतुकीच्या बचतीच्या रूपाने मोल आहे. उन्हाळ्यात गंगेच्या वाळूत कलिंगडे आणि काकड्या पिकविणाऱ्या कुटुंबांचे उत्पन्न मोजता येते. परंतु त्याच वाळूत पुरलेल्या कासवाच्या अंड्यांना बाजारभाव नाही. अभयारण्य घोषित झाले, तेव्हा उपसा व मासेमारी थांबल्याने कोणाचे किती उत्पन्न बुडते, हा थर नकाशावर नव्हता. अर्थशास्त्रात ज्यास संधी खर्च म्हणतात तो हाच. तो नकाशावर दाखविला नाही म्हणून नाहीसा होत नाही. पुढे कधीतरी वादाच्या रूपाने वसूल होतो.

जगातील इतर अनुभव या संदर्भात ताडून पाहण्याजोगे आहेत. ओल्सेन यांनी १८८३ मध्ये उत्तर समुद्राचा मत्स्यविषयक नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात कालवांचे विस्तीर्ण थर दाखविलेले आहेत. ते आज जवळजवळ नष्ट झाले आहेत. पुनर्स्थापनेचा विचार करणाऱ्यांनी हा जुना नकाशा प्रमाण मानला असता, तर त्याच जागी कालवे पेरली गेली असती आणि तळ खरवडत जाणाऱ्या जाळ्यांनी ती पुन्हा उखडली असती. नेदरलँड्स आणि जर्मनीच्या सागरी हद्दीत अलीकडे झालेले प्रयोग वेगळा विचार करतात. समुद्रातील पवनचक्क्यांच्या क्षेत्रात तळ खरवडणारी मासेमारी करता येत नाही. म्हणून जुने थर आणि बंद क्षेत्रे जेथे एकत्र येतात, त्या जागांना तेथे प्राधान्य मिळू लागले. ऱ्हासाचे कारण जेथे दूर झाले आहे तेथून आरंभ करावा, हे त्यामागील सूत्र.

अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील उदाहरण याच सूत्राची दुसरी बाजू दाखविते. १९३० च्या दशकात रोग आणि वादळ यांमुळे तेथील समुद्रगवत नाहीसे झाले. पुढे रोग ओसरला, पाणीही स्वच्छ होते. पण जवळपास बी देणारे कुरणच उरले नसल्याने गवत परतले नाही. तेथे शास्त्रज्ञ व स्वयंसेवकांनी सुमारे वीस वर्षांत सात कोटींहून अधिक बिया पेरल्या आणि सुमारे ३६०० हेक्टरवर कुरणे उभी राहिली. इतके यश इतरत्र क्वचितच मिळाले आहे. तेथे अडसर एकच होता, बियांचा, आणि तो माणसाला दूर करता येण्याजोगा होता.

गंगेत हिलसा माशाची स्थिती नेमकी उलट आहे. समुद्रात वाढणारा हा मासा अंडी घालण्यासाठी नदीत वर येतो. एकेकाळी तो अलाहाबादपर्यंत मिळत असे. १९७५ मध्ये फराक्का बंधारा कार्यान्वित झाल्यावर वरच्या गंगेतील त्याचे प्रमाण कोसळले. काशीजवळचा तळ त्याच्यासाठी आजही अनुकूल आहे असे खोली, वाळू व प्रवाहाचे थर सांगू शकतील, पण वाट बंद असेल तर त्या अनुकूलतेचा उपयोग नाही. वाट म्हणजे अधिवासांमधील जोडणी, आणि केवळ एका पट्ट्याचा नकाशा काढला की हा थर हमखास राहून जातो.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर मालवणचा दाखला समोर येतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे २९.१२ चौरस किलोमीटरचे क्षेत्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यात गाभा क्षेत्र ३.१८ चौरस किलोमीटरचे आहे. येथील उथळ खडकांवर प्रवाळ आहेत. रापण ओढणाऱ्या आणि लहान होड्यांतून मासेमारी करणाऱ्या कुटुंबांनी अभयारण्यास दीर्घकाळ विरोध केला, कारण नकाशावरील रेषा त्यांच्या पारंपरिक मासेमारीच्या जागांवरून गेली होती. दुसरीकडे, याच कुटुंबांची मोठी तक्रार पर्ससीन जाळ्यांविरुद्ध होती आणि राज्य शासनाने २०१६ मध्ये या मासेमारीवर निर्बंध घातले. संरक्षणाला मच्छीमारांचा विरोध असतो, हे विधान म्हणूनच सरसकट मान्य करता येत नाही. रेषा कोणासाठी आणि कोणाविरुद्ध ओढली जाते, यावर त्यांची भूमिका ठरते.

मालवणात जागतिक पर्यावरण सुविधा आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने सागरी जैवविविधतेचा प्रकल्प राबविला गेला आणि प्रवाळांचे तुकडे चौकटींवर बसवून वाढविण्याचे प्रयत्न झाले. अशा कामासाठी जागा निवडताना मृत प्रवाळ कोठे आहे, हे पाहणे पुरेसे नाही. कोकणातील नद्या पावसाळ्यात गाळ आणतात. पर्यटकांच्या होड्या नांगर टाकतात. आणि सागराचे तापमान वाढले की प्रवाळ पांढरे पडतात. १९९८, २०१० व २०१६ मध्ये भारतीय सागरांतील प्रवाळांना याचा फटका बसला, आणि एप्रिल २०२४ मध्ये चौथे जागतिक विरंजन घोषित झाले. नांगराचा प्रश्न ग्रामपंचायत आणि होडीमालक मिळून सोडवू शकतात, कारण बांधून ठेवण्यासाठी कायमचे बोये बसविणे फारसे खर्चिक नाही. गाळाचा प्रश्न खोऱ्यातील जमिनीच्या वापराशी निगडित आहे. तापमानाचा प्रश्न कोणत्याही जिल्ह्याच्या हातात नाही. नकाशात या तिन्ही कारणांना एकाच रंगात रंगविणे ही मोठी चूक ठरेल, कारण निधी मर्यादित असतो आणि तो ज्या कारणावर उपाय चालतो तेथेच आधी गेला पाहिजे.

गंगेच्या बाबतीत आता माहितीचा पाया बराच विस्तारला आहे. देशातील नदी डॉल्फिनच्या पहिल्या व्यापक गणनेचा अहवाल मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६३२७ डॉल्फिनची नोंद आहे आणि त्यांतील सर्वाधिक उत्तर प्रदेशात आहेत. डॉल्फिन खोल डोह धरून राहतात. त्यामुळे ही गणना एका अर्थाने जिवंत डोहांची यादीच आहे, आणि जलमार्गासाठी तळ उपसताना कोणते भाग टाळावयाचे, हे तिच्या आधारे ठरविता येते.

कासवांच्या बाबतीतही पद्धत बदलताना दिसते. लाल मुकुटाचे कासव अतिसंकटग्रस्त असून ते आज मुख्यत्वे चंबळमध्ये उरले आहे. २०२५ मध्ये इटावा जिल्ह्यातील संवर्धन केंद्रातून अशी वीस कासवे पश्चिम उत्तर प्रदेशातील हैदरपूर पाणथळ क्षेत्रात आणण्यात आली. प्रत्येकाच्या अंगावर संकेत देणारे उपकरण बसविले होते. त्यांचे दोन गट करण्यात आले. एक बंधाऱ्याच्या वर आणि दुसरा खाली, गंगेच्या मुख्य प्रवाहात सोडण्यात आला. कोणत्या बाजूची कासवे तगतात आणि कोठवर जातात, ते पाहून पुढील जागा ठरवावयाच्या आहेत.