आजीचा पदर



मी सातवी शिकलेली बाई, भाषण मला ठाऊक नाही. आजी जाऊन वर्ष झाले, तिच्याविषयी चार शब्द बोलते.

१९७२ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात आजी सडकेच्या कामावर खडी फोडायला जात असे. तिथे सुकडी मिळे. ती स्वतः न खाता पदरात बांधून आणी आणि माझ्या वडिलांना नि आत्यांना वाटून देई. घरात रेशनची लाल मिलो. तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. हे सारे तिने मला फार उशिरा सांगितले, तेही मी खोदून विचारले म्हणून.

लग्नाआधी एकदा मी शिळी भाकरी परसात फेकली. आजीने ती उचलली, झटकली आणि पाण्यात भिजवून माझ्यादेखत खाल्ली. रागावली नाही. मीच उलट म्हणाले, "एवढा काय दुष्काळ पडलाय?" बायांनो, ते शब्द मला अजून टोचतात.

शेवटी शेवटी तिला गिळवत नव्हते. मी दुधात भाकरी कुस्करून चमचा तोंडाशी नेला. तिने माझा हात धरला. "पोरी, तू जेवलीस का?"

मी हो म्हटले. जेवले नव्हते. तेव्हा कुठे तिने दोन चमचे घेतले.