काळ्या मातीतले लोह भाकरीपर्यंत

जळगाव-धुळ्याची काळी जमीन बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली आहे आणि बेसॉल्टमध्ये लोहाची वानवा नसते. तरीही चुनखडीच्या शिवारात भुईमुगाची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, ती लोहाअभावीच. अशा जमिनीचा सामू 8 च्या आसपास असतो. तेवढ्या सामूला लोह पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि न विरघळलेले लोह मुळाच्या उपयोगाचे नाही. म्हणून मातीत लोह किती, यापेक्षा मूळ ते कसे मिळवते हा प्रश्न मोठा. भुईमूग आणि हरभरा मुळांभोवती आम्लता वाढवतात, मुळाच्या पृष्ठभागावर लोहाचे रूप बदलतात आणि मग ते आत घेतात. चुनखडीतले बायकार्बोनेट नेमके हेच काम बिघडवते. गहू-बाजरीसारख्या गवतवर्गीय पिकांची रीत निराळी. त्यांच्या मुळांतून पाझरणारी द्रव्ये मातीतल्या लोहाला धरतात आणि ही जोडी तशीच मुळात ओढली जाते. (ज्वारी या कामात गव्हापेक्षा कच्ची, हेही सांगायला हवे.) चीनमधल्या प्रयोगांत मक्याच्या शेजारी वाढलेला भुईमूग कमी पिवळा पडला, तो मक्याच्या मुळांनी मोकळे केलेले लोह त्यालाही मिळाल्यामुळे.

मग सरळ हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, टाकावे, असे कोणी म्हणेल. पण चुनखडीत पडलेले हिराकस हवेशी संयोग पावून लवकरच पुन्हा न विरघळणाऱ्या रूपात जाते. ते शेणखतात मुरवून द्यावे किंवा पानांवर फवारावे, हे बरे. तरी त्याने पान हिरवे झाले म्हणजे दाणा लोहाने भरला असे नाही. दाण्यात किती साठवायचे हे पुष्कळसे वाणावर ठरते. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट ही संशोधन संस्था यांची ‘धनशक्ती’ बाजरी 2012 मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाली. तिच्या किलोभर दाण्यांत सुमारे 71 मिलिग्रॅम लोह असते. यावर वजनदार आक्षेप असा की, दाण्यातला स्फुरद मुख्यतः फायटेटच्या रूपात असतो आणि फायटेट लोहाला आपल्या आतड्यात शोषू देत नाही. खरे आहे. पण दाणा स्फुरदाचा हा साठा आपल्यासाठी करत नाही, अंकुरासाठी करतो. चुनखडीत स्फुरदही अडकतो, तेव्हा कोवळ्या रोपाचे पहिले दिवस याच शिदोरीवर निघतात. त्यामुळे फायटेट काढून टाकलेला वाण खानदेशात लाभाचाच ठरेल, असे मी धरून चालणार नाही. शिवाय ग्रामीण महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना लोहयुक्त बाजरीची भाकरी आणि शेव देऊन झालेल्या चाचणीत, फायटेट असूनही, त्यांच्या शरीरातला लोहसाठा सुधारला. ते निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. राहिला उत्पन्नाचा मुद्दा. चांगले संकरित वाण धनशक्तीपेक्षा जास्त पिकतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र धनशक्ती संकरित नाही, तिचे बी घरी राखता येते. बाजरीत परपरागीभवन होते, म्हणून बियाण्याचा तुकडा इतर बाजरीपासून दूर ठेवावा लागेल.