गुलाबी बोंडअळीचा पतंग



यवतमाळ जिल्ह्यात गुलाबी बोंडअळी कुणाला दाखवावी लागत नाही. हिरवं बोंड फोडलं की ती दिसते, आणि दिसते तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं. पण ही अळी ज्या पतंगाची, तो पतंग ओळखणारी माणसं आपल्यात फार थोडी आहेत. त्या पतंगाची नोंद शास्त्रात कशी झाली आणि त्या नोंदीचा वावरात उभ्या असलेल्या माणसाला काय उपयोग, याबद्दल आज बोलणार आहे.

गोष्ट 1842 सालची. गुजरातेत भडोचला कंपनी सरकारची कापूस लागवड होती. इंग्लंडच्या गिरण्यांना लांब धाग्याची रुई हवी होती, म्हणून अमेरिकन वाणांचे प्रयोग तेव्हा आपल्या देशात जागोजागी चालले होते. भडोचच्या कापसात ही अळी सापडली आणि तिचे नमुने लंडनला पोचले. विल्यम विल्सन सॉंडर्स यांनी ते तपासले. हे गृहस्थ व्यवसायाने विम्याच्या धंद्यातले, पण कीटकांचा आणि वनस्पतींचा त्यांचा अभ्यास मोठा होता. तरुणपणी काही काळ ते हिंदुस्थानातही राहिले होते. 1843 साली त्यांनी या पतंगाचं वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं डिप्रेसारिया गॉसिपिएला. कपाशीला हजारो वर्षं ओळखणाऱ्या या देशातल्या एका किडीची शास्त्रीय नोंद अशी लंडनमध्ये झाली.

पुढे 1917 मध्ये ऑगस्ट बस्क या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी, हवाई बेटांवर या किडीचा बारकाईने अभ्यास केल्यावर, तिच्यासाठी वेगळी प्रजातच स्थापन केली. तेव्हापासून ती पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. तोवर सरकीबरोबर ती इजिप्तला आणि तिथून मेक्सिकोला पोचली होती, आणि त्याच 1917 साली टेक्सासमध्येही सापडली.

आता हा पतंग दिसतो कसा, ते ऐका. लांबी जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर. रंग राखाडी-तपकिरी, पुढच्या पंखांवर अस्पष्ट काळसर पट्टे. मागचे पंख रुपेरी, आणि त्यांच्या कडेला लांब केसांची झालर. डोक्यावरच्या शृंगिकेच्या मुळाशी ताठ केसांची एक ओळ असते, कंगव्याच्या दातांसारखी. दिवसा तो जमिनीच्या भेगांत, पाल्यापाचोळ्याखाली दडून बसतो आणि रात्री बाहेर पडतो. म्हणूनच जन्मभर कापूस पेरणाऱ्या माणसालाही तो दिसलेला नसतो.

एवढ्याशा जिवाच्या पंखांचे पट्टे आणि केस कशाला मोजत बसायचे, असं वाटू शकतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या कपाशीवर अशीच एक अळी होती. ती गुलाबी बोंडअळीच, असा समज होता. 1926 साली होल्डवे या कीटकशास्त्रज्ञांनी दाखवलं की ती निराळीच जात आहे. दोन्ही पतंग नुसत्या डोळ्यांना सारखे. फरक सापडतो तो सूक्ष्मदर्शकाखाली, जननेंद्रियांच्या रचनेत. लहान पतंगांच्या बाबतीत आजही नवी जात ठरवायची ती बहुतेक याच खुणेवरून.

आणि जात नक्की झाली की तिच्या सवयी नक्की करता येतात. मादी रात्री नराला बोलावते ती गंधाने, आणि हा गंध आपल्याच जातीच्या नराला ओढून आणणारा असतो. गुलाबी बोंडअळीच्या मादीच्या गंधात कोणते घटक आहेत हे 1973 मध्ये समजलं. आज तुमच्या वावरातल्या कामगंध सापळ्यात जी गोळी लावतात, ती त्या शोधातून आलेली आहे. पेरणीनंतर साधारण 45 दिवसांनी, पात्या लागताना, एकरी दोन सापळे लावा. सलग तीन रात्री, एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त नर पतंग सापडले, तर उपाय करायची वेळ आली असं समजा. नुसता पतंगांचा खच बघून घाबरू नका. ते मोजा, आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा.

मोजण्यावर मी जोर देतो, त्याला कारण आहे. 2017 चा हंगाम या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. त्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यातली वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यात शेतकरी होते, मजूर होते. आणि त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी बोंडअळीने उभं पीक खाल्लं. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात पाती, फूल किंवा बोंडात शिरते. बोंडावरचं तिचं भोक बुजून जातं. आत बसलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. वेळ न ओळखता मारलेलं औषध अळीला लागत नाही, पंप पाठीवर घेतलेल्या माणसाला मात्र लागतं. हे मला फार जिव्हारी लागलेलं आहे.

बोंडअळ्यांवर उपाय म्हणून, अंगातच अळीनाशक विष तयार करणारी बीटी कपाशी 2002 साली आली, दोन जनुकांची 2006 मध्ये. सुरुवातीला ही अळी खरोखर दबली. मग गुजरातेत पहिल्या जनुकाला ती दाद देईनाशी झाली, पुढे दुसऱ्यालाही. आपल्याकडचं बीटी वाण संकरित, त्यामुळे एकाच बोंडात काही सरकी विषाची आणि काही बिनविषाची तयार होते. अळीला सराव व्हायला हे सोयीचंच. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम साधं बियाणं मिळत असे. ते धुऱ्याकडेने पेरायचं होतं, म्हणजे बीटी न खाल्लेल्या अळ्यांचे पतंग तिथे तयार होऊन त्यांचा बीटीला सरावलेल्या पतंगांशी संकर होत राहिला असता. बहुतेकांनी ते पेरलं नाही. पण दोष एकट्या शेतकऱ्याला देणं मला पटत नाही. ते का पेरायचं, हे त्याला नीट समजावून सांगणारं कुणी बांधावर गेलंच नव्हतं.

अमेरिकेने 2018 मध्ये ही कीड आपल्या कपाशीतून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. तिथे बीटीच्या जोडीला गंधाचे उपाय केले आणि प्रयोगशाळेत वाढवलेले कोट्यवधी निर्बीज पतंग विमानातून सोडले. ते ओळखू यावेत म्हणून त्यांच्या अन्नात लाल रंग घातलेला असे. आपल्याकडे दोन-चार एकरांची वावरं एकमेकांना लागून आहेत, विमानाने पतंग सोडणं इथे सोपं नाही.

आपल्या हातात आहे ती पऱ्हाटी. थंडीत ही अळी दोन सरक्या एकमेकींना जोडून त्यांच्यात महिनोन् महिने निपचित पडून राहते. फरदड ठेवली, पाणी दिलं, मार्चपर्यंत वेचणी चालू ठेवली, तर तिला उपाशी राहावंच लागत नाही. डिसेंबरअखेर वेचणी आटोपून पऱ्हाटी उपटली, कवडी झालेली बोंडं वावरात आणि धुऱ्यावर राहू दिली नाहीत, तर पुढच्या पावसाळ्यात निघणाऱ्या पतंगांची संख्या खूप घटते. फुलांचे दिवस आले की डोमकळ्या, म्हणजे अळी लागून न उमललेली फुलं, तोडून आतल्या अळीसकट नष्ट करा. फरदडीचे दोन पैसे सोडणं किती अवघड आहे याची मला जाणीव आहे. म्हणून हे काम एकट्यादुकट्यावर सोडू नये. पतंग एका वावरातून दुसऱ्यात उडत जातो, तेव्हा अख्ख्या शिवाराने एकाच आठवड्यात पऱ्हाटी काढायची, असं ग्रामसभेत ठरायला हवं. आणि जिनिंगच्या आवारातही कामगंध सापळे लागायला हवेत, कारण अळी सरकीबरोबर तिथे पोचलेली असते.